माझ्या घरातले वाचक

२ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! वरच्या मजल्यावर तीन खोल्या, खिडकीत ऊन, आणि दाराची किल्ली फक्त माझ्याकडे. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदाच. मोठ्या वहिनी म्हणाल्या होत्या की एकटी राहून भिंतींशी बोलायला लागशील. बोलेन की! भिंती निदान मध्येच तोडत तरी नाहीत. खाली घरमालकीण काकू राहतात. त्यांनी आल्या आल्या बजावलं की वर पाय आपटत चालायचं नाही. नवी लॅब दोन गल्ल्या सोडून. काम जुनंच, दातांच्या कवळ्या बनवायचं.

५ फेब्रुवारी
माझा ब्लॉगही घर बदलतोय. इतकी वर्षं तो धाकट्या भावाच्या कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नांदत होता. मध्यंतरी मी कवळी लावून पहिल्यांदा हसलेल्या एका आजोबांवर लिहिलं, लोकांनी ते एकमेकांना पाठवलं आणि त्या बिचाऱ्या डब्यानं मान टाकली. भाऊ म्हणाला, ताई, आता क्लाउडवर जाऊ. तिथं वाचक वाढले की जागा आपोआप वाढते, तुला काही करावं लागत नाही. दुपारभर फोनवर बसून आम्ही लेख, फोटो, प्रतिक्रिया सगळं हलवलं. शेवटी ब्लॉगचा पत्ता नव्या जागेकडे वळवला आणि पान झटकन उघडलं. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

९ फेब्रुवारी
वाचक वाढतायत, चांगलेच. पण आज कुणीतरी लिहिलंय की आजोबांवरच्या लेखातून आईवरचा परिच्छेद काढायला नको होता. तो परिच्छेद मी स्वयंपाकघरात बसून कागदावर लिहिला होता आणि फाडून टाकला होता. कॉम्प्युटरवर कधी चढवलाच नव्हता.

११ फेब्रुवारी
भावाला सांगितलं. त्यानं नोंदी तपासल्या आणि चाचरत म्हणाला की हे नवे वाचक सगळे एकाच ठिकाणाहून येतायत. तुझ्या घरातून. काहीतरी गडबड असेल, म्हणाला, पासवर्ड बदल. बदलला. घरातलं वाय-फायही बंद करून ठेवलं. लॅबमधून पाहिलं, तर आकडा वाढतच होता.

१२ फेब्रुवारी
लॅबमधून येऊन दार उघडते तोच काकू वर आल्या, तणतणत. एवढे पाहुणे आणलेत ते आधी सांगायचं नाही का, म्हणाल्या; सकाळपासून आमचं छत दणाणतंय. मी म्हटलं, अहो, घर तर बंद होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग त्या भराभर जिना उतरून गेल्या.
मीही वळून पाहिलं. बैठकीची खोली लांब झालीये. पलीकडची भिंत मागे सरकलीये. जागा आपोआप वाढते—

१४ फेब्रुवारी
भाऊ म्हणतो, सगळं टाकून माझ्याकडे ये. नाही जाणार. आयुष्यभर याच्या नाहीतर त्याच्या घरी अंग चोरून राहिले. हे घर माझं. ब्लॉगवर एकच ओळ लिहिली: बाहेर व्हा.
लगेच प्रतिक्रिया आली. छान. पुढे?

१५
भर दुपार. पुसून टाकला ब्लॉग. सगळा. भाऊ फोनवर रडला, इतक्या वर्षांचं लिखाण गं ताई. मी नाही रडले. माझे शब्द, मीच पुसणार.
घर गप्प झालं.
मग पावलं. सगळ्या खोल्यांतून. माझ्याकडे.

१५, अजून
दार दिसतंय, पण फार लांब. मध्ये ते. दिसत नाहीत. मानेवर श्वास, एकाचा नाही— वही उघडली तेव्हा थांबले. लिहिते तोवर वाचतात. हात थांबला की आणखी जवळ—
मोठ्यानं ओरडले, फुकटे कुठले! कुणीतरी हसलं.

शेवट हवाय ना तुम्हाला? प्रत्येक ओळीला पुढे, पुढे. मला माहितेय शेवट. दारापर्यंत कसं पोचायचं, तेही ठरलंय. पण लिहिलं की तुम्ही आधीच वाचाल. तेवढं मी माझ्याजवळ ठेवणार. वाका, बघा हवं तेवढं. मी उठतेय. वाक्य अर्धं सोडायचं की नाही ही माझी मर्जी, आणि आता मी सरळ—