एका घासानं काय होतं

आदरणीय द्रौपदाअक्का,

पहिले खरं सांगते, दोन दिवसांपासून मी झोपले नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घे. (तसं झोप झाल्यावर पण वाकडंच येतं, सातवीच्या पुढं मी कुठं गेले.) झोप न येण्याचं कारण आपला धम्मपाल. घाबरू नको, तो धुळ्यात आहे, पिकअप चालवतो आहे आणि बरा आहे. बरा आहे असं तो सांगतो, तीच तर काळजी आहे. माझ्या ऋतिकाला जे निघालं तेच माझ्या भावाला पण असेल का, हा किडा डोक्यात शिरलाय आणि काही केल्या निघत नाही.

तर नशिराबादहून तुझ्या भाचीचा, दीपमालाचा, वाकून जयभीम. तुझा गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, ते कळव. तू म्हणशील फोन का नाही केला. केला होता, तू उलटा धरून "कोणीच बोलत नाही" म्हणत ठेवून दिला. म्हणून पत्र. जे कोणी हे अक्काला वाचून दाखवत असतील त्यांना पण जयभीम. अक्काच्या उजव्या बाजूला बसून मोठ्यानं वाचा, डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही.

अक्का, ऋतिका तू पाहिली तेव्हा कशी होती आठवतं ना? पोट माठासारखं आणि पाय अगरबत्तीसारखे. पोर पाच वर्षांची आणि अंगात तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक, तो पण ढगळ. सारखी संडास. जंताचं औषध झालं, रक्तवाढीच्या बाटल्या झाल्या. आणि ताकद यावी म्हणून आम्ही तिला काय खाऊ घातलं? दुधात बिस्किट, दलिया, रव्याचा शिरा. कुरडया करायच्या दिवसात गव्हाचा चीक शिजला की पहिली वाटी तिलाच, वरून गूळ आणि तूप. पोर जितकी वाळत गेली तितका आम्ही गहू वाढवला, आणि जितका गहू वाढवला तितकी ती वाळत गेली. आमच्या सासूबाई धरणगावच्या, त्या म्हणायच्या, "पोरले नजर लागेल शे." (आपल्यात हे मानत नाहीत आणि सासूबाई पण मानत नाहीत. तरी दर शनिवारी मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या आणि मला सांगायच्या की मिरचीला कीड लागली होती म्हणून जाळली.)

शेवटी जळगावला लहान पोरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी रक्त काढलं आणि म्हणाल्या, आता दुर्बिणीतून पोट पाहावं लागेल. ऋतिकाचे पप्पा म्हणाले, "पाहू दे, दुर्बीण तर आहे, लांबूनच पाहतील." ती दुर्बीण म्हणजे नळी असते अक्का, तोंडातून आत जाते. पोरीला झोपेचं औषध देऊन आत नेली तेव्हा मी बाहेर भिंतीला धरून उभी होते. मग बाईंनी सांगितलं की हिला सिलियाक आहे. आपल्या आतड्याला आतून टॉवेलासारखी लव असते, ती अन्न टिपून घेते. हिला गहू चालत नाही. गव्हानं हिची लव झडून गेली, टॉवेल झिजून नुसतं फडकं राहिलं, मग खाल्लेलं अंगी कसं लागणार? मी विचारलं, औषध काय. म्हणाल्या, औषध नाही. मी तिथंच रडायला लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, आधी ऐका तर खरं. गोळी नाही असं म्हणाले मी. गहू बंद, हेच औषध. जन्मभर. लव परत उगवते, आणि पोरांची तर लवकर उगवते." मग माझा जीव थाऱ्यावर आला. बाहेर रिक्षात बसलो तर ऋतिकाच्या पप्पांनी खूप विचार करून मला विचारलं, "पोळी पण गव्हाचीच असते ना?" (चटईच्या कारखान्यात दिवसभर मशीनच्या आवाजात राहून माणूस असा होतो.)

मला वाटलं, हे तर सोपं आहे, आपण तर साक्रीकडचे, ज्वारी-नागलीवर वाढलेले. पण इथं गहू कुठं कुठं लपून बसलाय ते तुला काय सांगू! शेवया त्याच्या, रवा त्याचा, पाव-टोस्ट त्याचा. हिंगाच्या डबीत पण गव्हाचं पीठ निघालं. त्या दिवशी मी हिंगाला हात जोडले. आणि लोक तर गव्हापेक्षा भारी. सासूबाईंना पहिलं दुःख हे की शेजारीपाजारी म्हणतील, नातीला पोळी परवडत नाही यांना. हळदीत जा, लग्नात जा, कोणी ना कोणी पोरीच्या तोंडापुढं पोळी धरून मला म्हणतं, "एक घासमा काय व्हस वं?" असे चार जणांनी एकेक घास दिले की पोळी संपली. मी पोरीला शिकवलं, कोणी काही दिलं की सांगायचं, माझा टॉवेल फाटलाय. आता सगळ्या गल्लीला वाटतं आमच्या घरात धड टॉवेल नाही. एका बाईनं दोन आणून दिले.

इतकं सांभाळून पण पुढच्या तपासणीत रक्तातला सिलियाकचा आकडा पाहिजे तसा उतरला नाही. बाई म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय. मी घरी आले ती पोलीस होऊनच. माझा पहिला संशय सासूबाईंवर. त्यांची उशी झटकली, पानाची पिशवी उलटी केली. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "मी चोर शे का वं? मनी नात शे ती!" आणि त्या दिवशी जेवल्याच नाहीत. मी पण जेवले नाही. ऋतिकाचे पप्पा दोन्ही ताटं जेवले. म्हणे अन्न वाया जायला नको.

मग एकदा ऋतिकाच्या पप्पांना सुट्टी नव्हती म्हणून दळण मीच घेऊन गेले. धनसिंगभाऊंची चक्की. त्यांनी कोणाचे तरी गहू दळले आणि त्याच्यावरच माझी ज्वारी ओतली. मी ओरडले, "भाऊ, हे काय करता?" तर छाती काढून म्हणाले, "वहिनी, बिनधास्त राहा. तुमचं दळण मी बाजरीवर कधीच टाकत नाही. पीठ काळं पडतं. आजारी लेकराची भाकरी कशी दिसली पाहिजे? मी मुद्दाम गव्हावर दळतो, बघा कसं पांढरंशुभ्र निघतं!" अक्का, इतके महिने तो माणूस मायेनं माझ्या पोरीला गहू चारत होता. मी हसू का रडू? मी त्यांना सगळं सांगितलं तर बिचारा पीठ भरलेल्या हातानं कपाळाला हात लावून बसला, आणि दळणाचे पैसे काही घेईना.

घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडले. त्या उठल्या, आणि कोनाड्याखालचं डाळ भरडायचं जातं ओढून काढलं. त्यात जन्मात गहू गेलेला नाही म्हणे. तेव्हापासून ऋतिकाची ज्वारी त्या स्वतः दळतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. रागात असल्या की पीठ जास्त बारीक निघतं. म्हणून भाकरी थापायला जड जायला लागली की मी त्यांना मुद्दाम एखादं काही बोलते.

आणि ऐक अक्का, आता आकडा उतरला! पोरीचं पोट बसलं, गालावर मांस आलं, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. परवा शेजारच्या पोराला मारून घरी आली. आजपर्यंत मार खाऊनच यायची. त्याची आई भांडायला आली आणि मी हसत उभी. तिला वाटलं मला वेड लागलं. तिला चहा पाजला.

त्याच भेटीत बाई म्हणाल्या की हे रक्ताच्या नात्यात असतं. माझं आणि ऋतिकाच्या पप्पांचं रक्त तपासलं, आमच्यात नाही निघालं. मग विचारलं, माहेरी कोणी बारीक, रक्त कमी असलेलं, सारखं पोट बिघडणारं आहे का? अक्का, माझ्या डोळ्यापुढं धम्माच आला. तुझ्याजवळ नागलीची भाकरी खात होता तोवर निभावलं. धुळ्याला खानावळीत पोळ्या सुरू झाल्या आणि तो वाळतच गेला. भरतीत दोनदा वजनावरून काढला. आणि आपली आई. रक्त नाही, रक्त नाही म्हणून बाटल्या लावल्या आणि गेली. तिला तेच होतं का, हे आता कळणार नाही. पण धम्माचं तर कळेल ना. नुसतं थोडं रक्त द्यायचं आहे.

तुझ्या तब्येतीला जप. नागली असली तर पाठव, ऋतिका आवडीनं खाते.

तुझी दीपमाला

ता. क. मी धम्माला फोनवर सांगितलं, तपासणी कर. त्यानं विचारलं, सुई असते का. मी खरं बोलले, तेच चुकलं. तुला माहीत आहे, शाळेत टोचायला नर्सबाई आल्या तेव्हा तो बाभळीवर चढला होता. इतके काटे चालले, पण सुई नको! आता मला म्हणतो, "ताई, मी गहू सोडूनच दिला ना, मग रक्त कशाला?" आणि त्याच्यानंतर फोनच उचलत नाही.

दुसरी ता. क. हेच मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनीच डोक्याला हात लावला. म्हणाल्या, गहू सोडून तपासलं तर रक्तात काही दिसणारच नाही, असलं तरी नाही म्हणून येईल. तपासणी होईपर्यंत त्यानं रोज पोळी खाल्ली पाहिजे, आणि सोडली त्याला फार दिवस झाले नाहीत तोवरच परत धरली पाहिजे. म्हणून अक्का, वर मी गव्हाबद्दल जे जे लिहिलं ते ऋतिकापुरतं. धम्माला तू धरून बसव आणि पोटभर खाऊ घाल. पोळी, शेवया, टोस्ट, जे असेल ते.

तिसरी ता. क. वाचणाऱ्यांना. धम्माचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. माझा नंबर दिसला की तो उचलत नाही, तुम्ही तुमच्या फोनवरून लावा. अक्का आजारी आहे असं खोटं सांगू नका, तो गाडी जोरात हाकेल. एवढंच सांगा की अक्कानं मांडे केलेत, गरम आहेत, ये. सुईचं नाव काढू नका, ते मी येऊन पाहते. पत्राची घडी नंतर घाला दादा, आधी माझ्या भावाला फोन लावा.