'हाक'चे चार हजार वापरकर्ते

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की हे सगळं कसं सुरू झालं, तर तारखा हाताशी हव्यात.

'हाक'चे या आठवड्याचे डाउनलोड: ४,१२०.

'हाक' ही माझी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. फुकट, खुली, कोणीही घ्यावी. नेटवर्कवर हजार जणांचे निरोप येत असतात. प्रत्येकाच्या दाराशी एकेक प्रोग्रॅम ताटकळत ठेवायचा नाही. एकच वेटर सगळी टेबलं सांभाळतो. ज्याला हवं त्याने हाक मारायची, वेटर ओ देतो. बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, मघाशी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या, तेव्हा वेटर कुठे होता? विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

शिस्त: एक अक्षर बदललं तरी चाचणी. चाळीस कोऱ्या मशीनवर लायब्ररी उतरवून, चालवून बघायची. सगळं आपोआप होतं.

५ मार्च
विलक्षण गोष्ट. मी जितकं जास्त काम करतो, तितके डाउनलोड वाढतात. आज फक्त एक स्वल्पविराम काढला. लगेच चाळीस! जगात कुठेतरी चाळीस माणसं माझ्या स्वल्पविरामाकडे डोळे लावून बसली होती. 

८ मार्च
दोन दिवस तापाने पडून. कामाला हात लावला नाही. डाउनलोड शून्य. लोकांना कळलं असणार. इतका जीव लावतात.

११ मार्च, दुपारी
राजीनामा दिला. एकतीसला शेवटचा दिवस. साहेबांनी दोनदा विचारलं, घरी बोललात का? हो म्हटलं.

घरी बोललो नाही. कारण आहे. बायको बारा वर्षं नर्स आहे. यंदा तिची पाळी, असं आमचं ठरलंय: तिने नोकरी सोडून नर्सिंग शिकवण्याचा दोन वर्षांचा कोर्स करायचा, घर मी चालवायचं. तिला प्रवेशही मिळालाय. महिनाअखेरीला ती राजीनामा देणार. तोवर 'हाक'च्या कामासाठी माझ्याकडे कंपन्यांची रांग लागेल. काहींना हात जोडून नाही म्हणावं लागेल. ते जमायला हवं.

संकल्प: रविवारी तिला सांगणे.

१५ मार्च, रविवार
सांगितलं नाही. तिने कॉलेजसाठी नवी बॅग आणली होती. आरशासमोर खांद्याला लावून बघत होती. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही.

१७ मार्च
साहेबांनी सांगितलं. म्हणजे घरी फोन केला, तिने उचलला, आणि त्यांनी तिला माझ्या निरोप समारंभाचं आमंत्रण दिलं. माणूस सज्जन, पण तोंडात तीळ भिजत नाही.

ती ओरडली नाही. म्हणाली, या चार हजारांपैकी एकाचं नाव सांग. मी म्हटलं, या क्षेत्रात नावं नसतात, आकडे असतात. ती म्हणाली, माझ्या वॉर्डात अठ्ठावीस पेशंट आहेत आणि मला अठ्ठावीसही नावं पाठ आहेत. अठ्ठावीस आणि चार हजार यांतला फरक तिला कळत नाही. सोडून दिलं.

२० मार्च
ऑफिसातल्या टेस्टर बाईंना डाउनलोडचा आलेख दाखवला. कौतुक करतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तुमची चाचणी लायब्ररी कुठून उतरवते? म्हटलं, सगळे उतरवतात तिथूनच. किती मशीनवर? चाळीस. दर वेळी नव्याने? हो. बाई पाणी प्यायल्या. मग मलाही तहान लागली.

११.४० - चाचणी बंद केली. निव्वळ त्यांची शंका फिटावी म्हणून.
५.१५ - शून्य.

२१ मार्च
शून्य. शनिवार आहे.

२३ मार्च
शून्य. सोमवार आहे.

२४ मार्च
म्हणजे सात महिने मीच लिहीत होतो आणि मीच घेत होतो.

साहेबांकडे गेलो. राजीनामा मागे घेतो म्हटलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सांगितलं की माझ्या जागी एकाला पत्र गेलंय, पहिल्या तारखेला येतोय. हुशार आहे म्हणे. चहा मात्र चांगला होता.

२८ मार्च
बायकोला सगळं सांगितलं. चाळीस मशीनपासून स्वल्पविरामापर्यंत. वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिने पॅसेजमध्ये उभं राहून कॉलेजला फोन केला. माझी जागा पुढच्या नंबरला द्या म्हणाली. दोनदा धन्यवाद म्हणाली. मग आत येऊन उद्याच्या ड्युटीच्या गणवेशाला इस्त्री करत बसली.

मला लाज वाटली. यापुढे कारण लिहायला घेतलं होतं, खोडलं.

संकल्प: पुढच्या वर्षी तिचीच पाळी. नक्की.
हे तिला सांगितलं. ती म्हणाली, कॉलर जळेल, बाजूला हो.

३ एप्रिल, सकाळी ९.२०
मेलवर पत्र! 'हाक'बद्दल! खऱ्या माणसाचं, खाली सही, नाव, हुद्दा, सगळं! सात महिन्यांपासून त्यांच्या मशीनवर 'हाक' आहे! मला माहीत होतं. आकडे खोटे असतील, माणसं खोटी नसतात.

९.३५
पत्र पूर्ण वाचलं. त्यांना 'हक' नावाची दुसरी लायब्ररी हवी होती. इंग्रजीत लिहिताना एक 'ए' जास्त दाबला गेला. आता विचारतात, ही काढायची कशी?

काढायची कशी, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. गरजच पडणार नाही असं वाटलं होतं. सकाळभर बसून लिहिलं. पायरी पायरीने, चित्रांसकट. खरं सांगायचं तर 'हाक'वर मी लिहिलेलं सगळ्यात स्वच्छ प्रकरण हेच.

१२.५०
उत्तर आलं. 'निघाली. आभारी आहे.'

संध्याकाळी ६.३०
बायको ड्युटीवरून आली. बुटाची नाडी सोडत होती तेव्हा सांगितलं, अगं, वापरणारा एक होता. खरंच होता. नाव पण सांगितलं.

तिने मान वर करून विचारलं, होता?

म्हटलं, दुपारपर्यंत.