सोमवारी दहा ते एक या वेळेत हजेरी यंत्राची शिट्टी न वाजण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
संस्था कार्यालय, तळमजला.

विषय : प्राणिगृहाबाहेरील भिंतीवर बसवलेल्या अंगठ्याच्या हजेरी यंत्राचा आवाज येत्या सोमवारी सकाळी १० ते दुपारी १ पूर्णपणे बंद राहण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज, एकूण पाच.
२) त्यांवरील आपले उत्तर, एकूण एक.
३) यंत्रास रजई गुंडाळल्याबाबत मला मिळालेले ज्ञापन.
४) अभिलेख कक्षात उंदीर आढळल्याबाबत मला मिळालेले दुसरे ज्ञापन.

महोदय,

मी खाली सही करणारी, आपल्या संस्थेच्या प्राणिगृहात तंत्रसहाय्यक या पदावर अठरा वर्षे काम करते. आज गुरुवार आहे. सोमवारला मधे तीन दिवस उरले असून त्यांतले दोन सुट्टीचे आहेत. म्हणून हा अर्ज आवक विभागात न टाकता आपल्या टेबलावर स्वतः ठेवत आहे. पद्धत सोडून वागल्याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागते, कारण पुढे आणखी बऱ्याच गोष्टींची मागायची आहे.

१. आपण आपल्या उत्तरात असे कळवले होते की, "उंदीर हे कर्मचारी नसल्याने त्यांच्या झोपमोडीची दखल हजेरी नियमावलीत घेता येत नाही." हे उत्तर बरोबर आहे. माझे अर्जच खोटे होते. उंदरांच्या झोपेचा काही प्रश्न नाही, ते दिवसभर शिट्टीतही झोपतात. खरे कारण मी पाचही अर्जांत लपवले.

२. खरे कारण समजण्यासाठी आमच्या खोलीत काय चालते ते थोडे सांगावे लागेल. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा भाग असतो. माणसात तो बदामाएवढा, उंदरात मसुरीच्या दाण्याएवढा. कशाला घाबरायचे हे बऱ्याच अंशी तिथे शिकले जाते. उंदराला पेटीत ठेवून एक शिट्टी ऐकवतात, एक सेकंद वाजते, एक सेकंद थांबते, अशी वीस वेळा, आणि शेवटी पायाला हलका झटका देतात. असे काही वेळा झाले की उंदीर नुसत्या शिट्टीनेच थिजतो. मिशीसुद्धा हलत नाही. किती सेकंद थिजला ते कॅमेऱ्यावर मोजतात. आमच्या खोलीत भीती अशी सेकंदांत मोजली जाते.

हे शिकणे ज्या निरोपातून होते त्याला ग्लुटामेट म्हणतात. एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा तो निरोप्या आहे. त्यासाठी पलीकडच्या पेशीला जी दारे असतात, त्यांतले एक दार मोठे कडक आहे. जसे आपल्याकडे साहित्य भांडारातून साधा टाचण्यांचा डबासुद्धा दोन सह्यांशिवाय निघत नाही, तसे हे दार दोन गोष्टी एकाच वेळी आल्याशिवाय उघडत नाही : शिट्टीचा निरोप आणि झटक्याने पेशीला आलेली जाग. दोन्ही जुळले की दार उघडते आणि उंदीर धडा शिकतो. एक औषध असे आहे, जे या दारात आडवे बसते. निरोप येतो, दार उघडत नाही. उंदीर शिट्टी ऐकतो, झटका खातो, कळवळतो, पण दोघांचा संबंध त्याच्या ध्यानात राहत नाही.

३. यावर जी मुलगी काम करते तिला प्राणिगृहात सगळे काडी म्हणतात. अंगाने तशीच आहे. (विभागप्रमुखांसमोर आम्ही तिला संशोधिका म्हणतो.) चार वर्षे ती यामागे आहे. बारा उंदरांच्या तुकडीतल्या सहांना ते औषध, सहांना नुसते मीठपाणी. गेल्या वर्षीच्या पहिल्या तुकडीत मीठपाण्याचे उंदीर चाळीस सेकंदांपैकी अठ्ठावीस-तीस सेकंद थिजले, औषधाचे पाच-सहा. इतका स्वच्छ निकाल मी अठरा वर्षांत दोनदाच पाहिला आहे. परीक्षकांनी सांगितले, पुन्हा करून दाखवा. जूनमध्ये दुसरी तुकडी झाली. सोमवारी शिकवले, बुधवारी तपासले. मीठपाण्याचे उंदीर सहा-सात सेकंद थिजले आणि पेटीत फिरू लागले. औषधाचेही तेवढेच. दोन्हीकडे सारखे. चार वर्षांवर पाणी.

विभागप्रमुखांनी सर्वांदेखत विचारले, "मग गेल्या वर्षीचे आकडे आणले कुठून?"  काडी फळ्याकडे बघत राहिली. मी दारात रिकामे पिंजरे घेऊन उभी होते, ते तशीच धुवायला घेऊन गेले. तिसरी आणि शेवटची तुकडी येत्या सोमवारी तपासायची आहे. तीही तशीच निघाली तर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल आणि आकडे बनवणारी मुलगी असा शिक्का तिच्या नावावर बसेल. तो पुसायला मग कुठलाच अर्ज पुरणार नाही.

४. आता यंत्राविषयी. मार्च महिन्यात ते मुख्य दारावरून काढून आमच्या भिंतीवर बसवण्यात आले, कारण वीजजोडणी तिथे होती. त्याच सुमारास आपले परिपत्रक निघाले की, येताना, जाताना, चहाला, जेवणाला, प्रत्येक वेळी अंगठा लावावा. विभागप्रमुख वगळता आपल्याकडे सत्त्याऐंशी माणसे अंगठा लावतात. दिवसाला पाचशेच्या वर शिट्ट्या होतात. सकाळी रांग लागते तेव्हा एक सेकंद वाजते, एक सेकंद थांबते. यंत्राची शिट्टी आणि पेटीतली शिट्टी एकच आहे, महोदय. सारखी नव्हे, तीच. मी दोन्ही मोजून पाहिल्या आहेत.

म्हणजे दुसऱ्या तुकडीतल्या उंदरांनी सोमवारी पेटीत भीती शिकली आणि नंतरचे दोन दिवस आपल्या पिंजऱ्यात बसून हजारभर वेळा ऐकले की शिट्टी वाजते आणि काहीच होत नाही. हाही एक धडाच आहे आणि तोही त्याच दारातून आत जातो. काडीचे उंदीर खोटे बोलले नाहीत. त्यांना बुधवारपर्यंत खरोखरच भीती उरली नव्हती. ती आपल्या हजेरीने घालवली. काडीला हे कळण्याचा मार्ग नव्हता. विद्यार्थ्यांना अंगठा नाही, तिचे टेबल दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि उंदरांची देखभाल माझ्याकडे आहे.

५. हे मला केव्हा कळले असे आपण विचाराल. यापुढचे लिहायला मला चार दिवस लागले.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने त्या दिवशी रांगेतल्या आम्हा सगळ्यांना अकरा आवाज वाजवून दाखवले आणि कुठला ठेवू असे विचारले. एकाला घंटा हवी होती, एकीला पाखराचा आवाज. नुसता गोंधळ. तो माणूस वैतागून म्हणाला, "लवकर सांगा, मला अजून चार ठिकाणी जायचंय." तेव्हा मी म्हणाले, "सहावा ठेवा, स्वच्छ ऐकू येतो." सगळे हो म्हणाले. सहावा आवाज मला का आवडला, याचा मी त्या वेळी विचार केला नाही. अठरा वर्षे मी तो ऐकत आले आहे. झटका मला कधीच बसला नाही, तो नेहमी दुसऱ्यालाच बसला. त्यामुळे तो आवाज मला अगदी घरचा वाटला.

आणि एवढ्यावर संपत नाही. जूनमध्ये त्या सोमवारी संध्याकाळी, घरी जाणाऱ्यांची रांग लागली असताना, मी एका मीठपाण्याच्या उंदराला त्याच्या पिंजऱ्यात पाहिले. पहिल्या शिट्टीला तो थिजला. दुसऱ्याला, तिसऱ्याला थिजला. वीसेक शिट्ट्यांनंतर त्याने मान वळवली आणि दाणे खायला लागला. मी हे पाहिले. तेव्हाच वर धावत जायला हवे होते. मी मात्र मनात म्हटले, बरे झाले, बिचारा निवांत झाला. महोदय, मला त्याचा आनंद झाला होता. पर्स उचलली, अंगठा लावला आणि घरी गेले.

६. विभागप्रमुख काडीला बोलले त्या दिवसापासून माझी अवस्था सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. यंत्र वाजले की हातातले काम जागच्या जागी थांबते. अंगठ्याला इतका घाम येतो की यंत्र तीन-तीनदा तो नाकारते आणि दर वेळी वाजते. घरी फोन वाजला तरी मी पोळीचे पीठ हातात धरून उभी राहते. नवरा म्हणतो, "झटका नाही बसणार, फोन घे." तो थट्टेने म्हणतो, त्याला यातले काही माहीत नाही. कर्मचारी म्हणून माझ्या मेंदूचे आपल्याला काही देणेघेणे नाही, याची मला जाणीव आहे.

७. यंत्र गप्प करण्यासाठी मी जे जे केले ते असे. कंपनीला फोन केला, ते म्हणाले आवाजाला कुलूप आहे, किल्ली मुख्य कार्यालयाकडे. मुख्य कार्यालय म्हणाले, संस्थेचे पत्र आणा. आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले की, आवाज नसेल तर अंगठा लागला की नाही हे कर्मचाऱ्यास कळणार नाही. वीज बंद केली तर ते आतल्या बॅटरीवर चालते. रजई गुंडाळली तर ज्ञापन येते. नवी तुकडी आल्यावर तिच्या कानावर आधीपासून शिट्टी पडू नये म्हणून बाराही पिंजरे मी अभिलेख कक्षात नेऊन ठेवले, कारण इमारतीत तेवढी शांत जागा दुसरी नाही, तिथे कोणी येतच नाही. आपण नेमके त्या दिवशी आलात. एकही फाईल कुरतडली गेलेली नाही, मी मोजून सांगते. पिंजऱ्यांना कड्या आहेत आणि ते अजून तिथेच आहेत.

८. येत्या शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा उंदरांना शिकवता येईल. रविवारही शांत जाईल. पण मंजूर पद्धतीप्रमाणे बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणी करावी लागते, म्हणजे सोमवार. एका उंदराला पंधरा मिनिटे, बारांना तीन तास, दहा ते एक. पेटी आणि कॅमेरा जमिनीत रोवलेले आहेत, ते अभिलेख कक्षात जात नाहीत. या महिन्यात सोमवारची सुट्टी नाही आणि पुढच्या महिन्यात परीक्षक थांबणार नाहीत. एखादा उंदीर पेटीत असताना बाहेर रांग वाजू लागली तर त्याचा आकडा गेला.

९. सबब, यंत्र बंद होत नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरला. तो म्हणजे, सोमवारी एक वाजेपर्यंत त्याला कोणीही अंगठा लावू नये. नियमाप्रमाणे जो लावणार नाही त्याची अर्ध्या दिवसाची रजा कापली जाईल. म्हणून मी गेल्या चार दिवसांत एकेका माणसाकडे गेले. काय मागते आहे ते सांगायचे तर का मागते आहे हेही सांगावे लागले, आणि तो सहावा आवाज कोणी निवडला हेही. पहिल्या दिवशी सातच जणांना सांगता आले. नंतर जमू लागले. ग्रंथपालांनी मला बराच वेळ बोल लावले आणि मग सही केली. पहारेकरी म्हणाला, "बाई, दार मी उघडं धरतो, पण अर्धी रजा का गेली ते आमच्या घरी तुम्हीच येऊन सांगा." मी येते म्हटले आहे. यंत्र पुसणारी मावशी म्हणाली तिला रजाच शिल्लक नाही, तरीही तिने सही केली. एकूण शहाऐंशी सह्या झाल्या, त्यात माझीही आहे.

काडी अंगठा लावत नसल्याने तिची सही लागत नव्हती. तिला मी सर्वांत शेवटी, काल दुपारी सांगितले. सगळे सांगितले, उंदराने दाणे खाल्ले तेही. ती रडेल किंवा ओरडेल असे वाटले होते. मी तयारीनेच गेले होते. तिने यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "सोमवारी पिंजरे तुम्हीच आणाल ना? ते तुमच्या हाताला सरावलेत."  मला रागावून बोलली असती तर बरे वाटले असते.

१०. आता आपण. आपण रोज सर्वांच्या आधी अंगठा लावता, जेणेकरून इतरांनी धडा घ्यावा, हे सर्वांना माहीत आहे. वेळही ठरलेली आहे, नऊ अठ्ठावन्न. पहिला उंदीर त्याआधी पेटीत गेलेला असेल. शहाऐंशी माणसे मागे उभी राहतील आणि आपला एक अंगठा वाजेल, अशी भीती मला वाटते. यंत्रावर काय, त्या उंदरावर काय, मला कोणावर राग नाही. माझ्यावर आहे तो पुरे आहे. दोन्ही ज्ञापनांत मी दोषी आहे, तिसरे काढावे, चौकशी लावावी, बदली करावी, मी कुठेच हरकत घेणार नाही. फक्त सोमवारी आपण अंगठा लावू नये. यादीत सत्त्याऐंशीवी ओळ आपल्यासाठी ठेवली आहे. मी बाहेर बाकावर बसले आहे, आपण वाचून होईपर्यंत उठणार नाही.

आपली आज्ञाधारक म्हणवण्याचा हक्क घालवून बसलेली, तरीही नम्र,

(सही)
तंत्रसहाय्यक, प्राणिगृह
गुरुवार, दुपारी ३.२०

सोबत :
१) कर्मचाऱ्यांच्या सह्यांची यादी, पाने चार.
२) विभागप्रमुखांना लिहिलेला माझा कबुलीजबाब, पान एक. पाकीट चिकटवलेले नाही, कोणीही वाचावे.
३) सोमवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज, आपल्या नावाने भरलेला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिले आहे. योग्य न वाटल्यास खोडावे, पण सही करावी.