पश्चिमेची रिकामी बाजू

कसबा बावडा,
२ फेब्रुवारी २००८

सौ. सुष्मिता हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. थंडीने आईचे गुडघे धरलेत. तुझी तब्येत कळवावी, सवड मिळाली तर.

पंधरा दिवस तुझा मिस्ड कॉल नाही. ठरलं काय होतं? सातला एक रिंग द्यायची नि ठेवायचं, म्हणजे तू आणि पोटातलं बाळ बरं आहे एवढं मला कळतं. डोहाळजेवणानंतर माहेरी गेलीस, पण संक्रांतीपर्यंत एक दिवस चुकली नाहीस. मग एकाएकी काय झालं? सातला मी लावला की फोन बंद किंवा क्षेत्राबाहेर. दुपारी मात्र लागतो, आणि तुझी आई उचलते. "पोरगी झोपल्या की ओ." रोज?

मृत्युंजय म्हणाला, "दाजी, सांजच्याला हितं रेंजच न्हाय." तुझ्या भावाने हे कारण दुसऱ्या कुणाला सांगावं. आजऱ्याच्या टॉवरवरचा नवा रेडिओ, म्हणजे फोनची रेंज सोडणारं यंत्र, मीच बसवलंय. पूर्वी प्रत्येक दिशेचं यंत्र वेगळं, त्याची ताकद ठरलेली. आता एकाच रेडिओतून सगळ्या दिशांना रेंज जाते आणि ताकद सामायिक. सामायिक विहिरीचं पाणी ज्याचं पीक सुकतंय त्याच्या पाटाला सोडतात ना, तसंच. कुणाला किती सोडायची हे मी इथे बावड्यात बसून ठरवतो. संध्याकाळी काजूबाजारात फोन लागत नाहीत ही तक्रार मिटली म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. अशा माणसाला रेंज नाही म्हणून सांगता?

दूधवाला शपथ घेऊ लागला की मी चरवी आधी बघतो, हा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुपारी चालू आणि नेमका सातला बंद, तो फोन कुणासाठी बंद असतो? मला चार ठिकाणांहून कळतं, एवढं ध्यानात ठेव.

अजून तरी तुझाच,
शिवप्रसाद


कसबा बावडा,
२० मार्च २००८

प्रिय सुष्मिता,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, तेच बरं झालं. हे पत्र मृत्युंजय तुझ्या हाती देईल की चुलीत घालेल, अशी शंका आत्ताही येतेच आहे. काय करू, खोड जात नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाडीचा अर्ज ऑफिसात आला, चाळीस सह्यांचा. संध्याकाळी रेंज नाही म्हणून. मी साहेबांना आकडे दाखवले, "टॉवरच्या पश्चिमेला, या वाडीकडे, कुणी बोलतच नाही, तक्रार कसली?" मनात म्हटलं, हा मेहुण्याचाच उद्योग. साहेबांनी तरीही मला तिकडे पाठवलं.

सातला वाडीतल्या देवळापाशी उभा राहिलो आणि माझ्याच हातातल्या फोनची रेंज गेली. तिथे शालूबाई भेटल्या. त्यांनी मला ओळखलं.

"टावर तुमचाच न्हवं, पावणं? तुमची बायको रोज टेकाडावर चढायची की. नववा लागलेला. नको म्हटलं तर म्हणायची, तेवढा मिस कॉल गेला की खाली येतो. पर संक्रांतीपास्नं त्यो काय जायाचा न्हाय."

ऐकल्यावर पहिलं मनात आलं, हिला कुणी पढवलं असेल. इतका मी नासलोय.

नंतर तिथेच कट्ट्यावर बसून सगळं लक्षात आलं. आमचं यंत्र बोलणं मोजतं, नुसती रिंग नाही. तुमच्या वाडीत बोलतं कोण? शेतातून घरी, घरातून डेअरीत, सगळा कारभार एका रिंगवर. माझ्या आकड्यांत ती बाजू रिकामी दिसली. म्हणून संक्रांतीनंतर रोज संध्याकाळी तिची ताकद काढून मी काजूबाजाराला देत होतो. स्वतः एका मिस्ड कॉलवर जगत होतो, तरी हे सुचलं नाही. आणि तुझं घर टॉवरच्या कोणत्या अंगाला आहे, हे जावई असून अर्ज येईपर्यंत मी कधी पाहिलं नव्हतं.

आता जे लिहायचं टाळतोय ते. चार ठिकाणं वगैरे काही नव्हती. तुमच्या वाडीतल्या आकारामच्या दुकानात लँडलाइनवर फोन करून मी विचारलं होतं, संध्याकाळी सुष्मिताकडे कोण येतं. दुकानात तेव्हा माणसं असणारच. तुला ते कुणाच्या तोंडून कळलं असेल, याचाच विचार करत बसतो.

आणि आपल्या मुलीचं बारसं. मलकापूरला काम आहे म्हणून कळवलं, ते खोटं होतं. दिवसभर घरीच बसून होतो. आईने कुंची शिवली होती, तिलाही जाऊ दिलं नाही. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

देवळापाशी आलो त्या दिवशी तुझं घर दोनशे पावलांवर होतं. दोरीवर दुपटी वाळत होती. आत यायचं तोंड नव्हतं, परत फिरलो.

पश्चिमेची ताकद दुसऱ्याच दिवशी परत दिली. आता सातला तिथे रेंज असते. म्हणजे फोन आला नाही तर तू लावला नाहीस, एवढाच अर्थ उरतो. तो तुझा अधिकार आहे. त्यावर मी शंका घेणार नाही.

ऑफिसात सगळे विचारतात, मुलीचं नाव काय ठेवलं? मी सांगतो, अजून ठरायचंय. कुणाला विचारायची हिंमत होत नाही, सुष्मिता. माझ्यासाठी नको, पण तिला मनातल्या मनात तरी हाक मारता यावी म्हणून, एका कार्डावर तेवढं नाव लिहून पाठव.

नाव ठाऊक नसलेल्या मुलीचा बाप,
शिवप्रसाद