उजवा कौल

१२ जानेवारी २०१८, डिचोली
आज पुन्हा भांडण! दोन माणसांची कंपनी, तीही एकमेकांचं तोंड न बघणारी. शाळेतल्या मुलांनी मराठीत प्रोग्रॅम लिहावेत म्हणून आम्ही भाषा बनवतो आहोत, आणि वाद एवढाच — फंक्शनला काय द्यायचं, संख्या की मजकूर, याची खूण कुठे लिहायची. मी म्हणते नावानंतर: बेरीज(अ: संख्या). नको असेल तर मुलानं खुशाल गाळावी, नाव जागच्या जागी राहतं. महादेव म्हणतो आधी: बेरीज(संख्या अ). का? तर "कॉलेजात असंच शिकलो." हे कारण!

१५ जानेवारी
महादेवची आई, चंद्रावतीकाकी, पेडण्याहून आली. आमचे आवाज ऐकून म्हणाली, "कित्याक झगडतात? देवाक विचारूंया." ऑफिसची जागा घेतानाही तिनं कौल लावला होता. मी हसून हो म्हटलं. देव तरी माझ्या बाजूनं बोलेल, ही खात्री. मूर्ख मी.

१९ जानेवारी
त्यांच्या गावच्या देवळात गेलो. काकीनं गुरवाच्या, धाकूच्या, कानाशी काहीतरी सांगितलं. त्यानं गाऱ्हाणं घातलं, ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवल्या. मी मागे खांबापाशी. घंटेपुढे काही ऐकू येईना. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. महादेव बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या बाजूनं दिला." चेहरा लाल. जिंकल्याचा माज, दुसरं काय!

२० जानेवारी
माझी पद्धत काढून टाकली. माझ्याच हातांनी. जेवले नाही.

९ फेब्रुवारी
इब्रामपूरच्या अनुसयाबाईंचा फोन. त्यांच्या शाळेत नवी आवृत्ती लावली आहे. "शालिनी, पोरं घाबरतात गो. संख्या लिहिली नाही तर चालणार नाही, असं त्यांना वाटतं." चालतं बाई, चालतं! ती नुसती खूण आहे, मशीन तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण नावाच्या आधी येऊन बसली की सक्तीचीच वाटते — हेच मी घसा फोडून सांगत होते.
महादेवला सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "देवान दिल्लें, आता काय करायचं?" वर पाव-भाजी मागवली माझ्यासाठी. तशीच ठेवली. मला त्याचा राग येतो, आणि देवाचाही येतो. लिहून टाकलं एकदाचं.

१६ फेब्रुवारी
काकी ऑफिसात आली, हातात अबोलीचा गजरा. माझ्या केसांत माळायला लागली. "आतां म्हूर्त काडूंया गो."
"कसला?"
"तुजें नी म्हादूचें लग्न जावचें काय ना, तेंच विचारिल्लें न्हय त्या दिसा! देवान उजवो दिलो. म्हादूक सगळें खबर आसा."
महादेव समोरच होता. मान वर केली नाही.
म्हणजे खुणेचं देवाला कुणी विचारलंच नव्हतं. आणि लग्नाचं मला.