पुसलेली फुली

सौभाग्यवतीस आशीर्वाद.

पत्राला महिन्याचा उशीर झाला, रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मी राखण करतो त्या इमारतीत गोवराच्या लशीवरून दोन तट पडलेत. एका पक्षानं लस आणली म्हणून दुसऱ्या पक्षाची माणसं दारच उघडत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी मला हसत म्हणाला, "काका, सुई त्यांची टोचून घेतली की मतही त्यांनाच जातं!"

लस राहिलेल्या घरांच्या दारांवर नर्सबाई खडूनं फुली मारून गेल्या. मला वाटलं, ही पक्षाचीच खूण, उगाच डोकी फुटतील. मी ओल्या फडक्यानं सगळी दारं पुसली. दुसऱ्या दिवशी वेगळ्या बाई आल्या. फुली कुठेच नाही, म्हणून इमारत उरकली असं समजून तशाच पुढे गेल्या.

आता शिंप्याची पोर तापानं फणफणली आहे, अंगभर पुरळ आहे. तिची आई मला म्हणाली, "हे कामावर गेल्यावर मी पोरीला गुपचूप टोचून घेणार होते. बाई आल्याच नाहीत." फुल्या मीच पुसल्या, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. फार भीती वाटते गं.

आपल्या नातीची लस मुलानं सभेत काहीबाही ऐकून थांबवली, तेव्हा 'त्याचं तो बघेल' असं मीच लिहिलं होतं. चुकलो. माझ्यावर तो डोळे वटारतो, तुझ्यापुढे त्याचं चालत नाही. उद्याच तिला कडेवर घेऊन दवाखान्यात जा.

'टोचली' एवढंच लिहून कार्ड टाक, पण लगेच टाक.