जुनं खोड विरुद्ध टचस्क्रीन

४ ऑगस्ट, सकाळी ७.२०
आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक विषय. रडगाणं नाही.
कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यात पाटी येते: नवी आवृत्ती ३० तारखेला. बोटाने चालणारी. नको म्हणायची सोय नाही. दोनच बटणं, ‘आता’ आणि ‘थोड्या वेळाने’.
नवी आवृत्ती आली की सगळीकडे पासवर्ड नव्याने मागणार, असं ह्यांच्या कॉम्प्युटरवाल्या फोरमवर वाचलं. ह्यांचा पासवर्ड मला माहीत नाही. ह्यांनाही आठवत नव्हता, म्हणून तर कधी लॉगआउट केलं नाही. म्हणजे ३० तारखेला ‘जुनं खोड’ फोरमवरून कायमचं बाहेर. हे ह्यांचं तिथलं नाव.
हे जाऊन सात महिने झाले. गेले चार महिने फोरमवर ह्यांच्या नावाने मी लिहिते. यात फसवणूक काही नाही. माणसाचं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करते आहे, इतकंच.
उपाय सोपा आहे. नवी आवृत्ती येऊच द्यायची नाही.

६ ऑगस्ट
‘दहाबोटी’ नावाच्या गृहस्थाला आज गप्प केलं. टचस्क्रीनचा मोठा वकील. मी लिहिलं, कापड बोटाला कळतं, काच काय कळणार? (वीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते. बोटांचं मला कोणी शिकवू नये.) शिवाय हात सारखा वर धरून खांदा भरून येतो.
तो म्हणाला, खोडसाहेब, मुद्दा वजनदार आहे, पण मी मानणार नाही. उद्या आणखी सांगा.
हरला. स्पष्टच आहे.

१० ऑगस्ट, रविवार
लेक आली. आल्या आल्या मॉनिटर पुसायला घेतला. उजवीकडे खाली बोटांचा तेलकट डाग आहे, तो. मी ओरडले. हे काही दाखवायचं म्हटलं की काचेलाच बोट टेकवायचे, त्याचा तो डाग. लेकीने फडकं खाली ठेवलं. मग तिला समजावलं की काचेला बोट लावल्याने काय होतं, त्याचा तो पुरावा आहे. वादात लागेल.
ती म्हणाली, आई, बाबा एका ओळीच्या वर लिहायचे नाहीत आणि तू निबंध लिहितेस. लोकांना कळेल ना. निदान त्यांचं जुनं लिखाण तरी एकदा वाच.
वेळ कुठे आहे? आणि गरज काय? चाळीस वर्षं ऐकलंय. ‘जुनं खोड’ असं नाव घेणारा माणूस नव्याच्या बाजूने असेल का?
फोरमवर खरं काय ते सांगून टाक, असंही म्हणाली. पुढच्या रविवारी सांगेन.

१४ ऑगस्ट
फोरमवर मतदान लावलं. टच हवा की नको? ‘नको’ची दोनशे मतं सहज पडतील.

१७ ऑगस्ट, रविवार
नको: ११. हवा: ३४०.
अकरा! म्हणजे मी एकटी नाही. पाया भक्कम आहे.
सांगायचं राहिलं. मतदानाची गडबड होती.

२० ऑगस्ट
कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं, सात मुद्दे. उत्तर एका सेकंदात आलं. ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ पत्र थेट वरच्या माणसाच्या हातात पडलेलं दिसतं. आता ३० तारीख पुढे ढकलतील.

२४ ऑगस्ट, रविवार
आज सांगणार होते. गडबड नव्हती, लाइट होती, गिऱ्हाईकही नव्हतं. तरी जमलं नाही.

२८ ऑगस्ट, दुपारी ३
तारीख पुढे गेलेली नाही. शेवटच्या हल्ल्यासाठी ह्यांचेच मुद्दे वापरावेत म्हणून जुनं लिखाण उघडलं. चार वर्षांचं.
पहिलंच सापडलं ते असं: ‘टच पाहिजे लवकर पाहिजे मी काचेला बोट लावतो बायको ओरडते टच आला की तिचं तोंड बंद’
त्याखाली दहाबोटी: ‘खोडसाहेब, कीबोर्डला हात लावाल तर याद राखा.’
अशी दोनशे पानं. ह्यांचा टच, त्याचा कीबोर्ड.
म्हणजे चार महिने मी ह्यांच्याच नावाने ह्यांच्याविरुद्ध भांडले. आणि फोरमवर कोणी चकार शब्द काढला नाही.
दोन पँटी तशाच राहिल्या.

२९ ऑगस्ट
दहाबोटीला खाजगीत विचारलं, तुमचा पक्ष कधी बदलला?
उत्तर: ‘वहिनी, पहिल्याच दिवशी कळलं. खोडसाहेबांनी जन्मात पूर्णविराम दिला नव्हता. तुम्ही माझी बाजू घेतलीत, मग मी त्यांची घेतली. भांडायला समोर कोणीतरी लागतंच ना. बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं. आणि खांद्याचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे हो.’
वाचलं. इस्त्री केली. पुन्हा वाचलं.

३० ऑगस्ट
‘थोड्या वेळाने’ नऊ वेळा दाबलं. दहाव्यांदा ते बटणच नव्हतं.
चाळीस मिनिटं लागली. मग पासवर्ड. माझं नाव घालून पाहिलं. नाही. लग्नाची तारीख. नाही. लेकीचं नाव. तेही नाही. संपलं.
नवं खातं काढायला घेतलं. ‘वहिनी’ नाव आधीच कोणीतरी घेतलेलं. ‘वहिनी२’ मिळालं. पहिलं वाक्य लिहिलं: टच पाहिजे. पूर्णविराम खोडला.
‘पाठवा’चा मोठा चौकोन नेमका डागाखाली आला. बोट लावलं. काही होईना. जोरात लावलं. दोन बोटं लावून पाहिली. मग लक्षात आलं, आपला मॉनिटर साधाच आहे. त्याला बोट कधीच कळणार नव्हतं.
माउसने पाठवलं. मिनिटभरात दहाबोटीचं उत्तर आलं: वहिनी२, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.
उद्या बघते त्याच्याकडे.
काचेवरचा डाग मोठा झाला आहे. त्यात ह्यांचा कुठला आणि माझा कुठला, आता सांगता येत नाही.